शिक्का आणि कस

बोदवडचे रेल्वे स्थानक भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर आहे. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा मार्ग टाकला. या मार्गावर दोन रुळांमधले अंतर पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे. याच जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी ५६ किलोमीटरची छोटी लाइन आहे. लोक तिला 'पीजे' म्हणून ओळखतात. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पहिले महायुद्ध संपता संपता सुरू झालेल्या या लाइनवरचा माल मुख्य लाइनने पुढे न्यायचा तर पाचोऱ्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरण्यावाचून मार्ग नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत छोट्या लाइनवरची गाडी थांबली. ही लाइन रुंद करून जामनेरच्या पुढे थेट बोदवडपर्यंत आणण्याच्या, सुमारे ८४ किलोमीटरच्या प्रकल्पाला रेल्वेने मंजुरी दिली आहे. या सगळ्या इतिहासात पाचोऱ्याहून जामनेरला जाताना अडचण नव्हती आणि बोदवडहून भुसावळला जातानाही नव्हती. अडचण होती ती दोन वाटा जिथे जुळतात तिथे. रुंदीचा प्रश्न नेहमी जोडावर येऊन उभा राहतो. या पुस्तकाचा विषय संगणकाच्या आतला आणि नखाएवढ्या जागेतला असला, तरी त्याचे मर्म हेच आहे.

मेमरी कार्ड आणि संगणक यांच्यामधली वाटही कमी-अधिक रुंद असते. मात्र तिथे रुंदी म्हणजे दोन रुळांमधले अंतर नाही. शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांची संख्या म्हणजे रुंदी. एकेरी मार्ग, दुहेरी मार्ग असे आपण म्हणतो, त्या अर्थाची ही रुंदी आहे. अशा तारांच्या जुडग्याला 'बस' म्हणतात आणि तिच्यात माहिती वाहणाऱ्या जितक्या तारा, तितक्या बिटची ती बस. कार्ड खाचेत बसल्यावर ही वाट एका तारेची आहे, चार तारांची आहे की आठ तारांची, हे ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ड्रायव्हरने कसे ओळखायचे, हा या पुस्तकाचा प्रश्न. प्रश्न लहान दिसतो आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तो दोन ओळींत उरकतात : कार्डाचे रजिस्टर वाचा, त्यात लिहिलेली रुंदी लावा. माझे म्हणणे असे की, या दोन ओळी अपुऱ्या आहेत. रुंदी कार्डाचा गुण नाही आणि संगणकाच्या बाजूने कार्डाशी बोलणाऱ्या चिपचा, म्हणजे कंट्रोलरचाही नाही. ती त्या दोघांमधल्या जोडाचा गुण आहे. म्हणून दोन्ही टोकांनी दिलेली ग्वाही ऐकून घ्यावी, पण निर्णय जोडाची परीक्षा करूनच द्यावा.

आधी वाट नीट पाहू. मायक्रोएसडी कार्ड उलटे करून भिंगाखाली धरले तर सोनेरी मुलाम्याच्या आठ पट्ट्या दिसतात. एक वीजपुरवठ्याची, एक ग्राउंडची, एक क्लॉकची, एक कमांडची आणि उरलेल्या चार डेटाच्या. मोठ्या एसडी कार्डावर नऊ पट्ट्या असतात, कारण तिथे ग्राउंडच्या दोन आहेत. हे एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून आणले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९७ साली, सॅनडिस्क आणि सीमेन्स यांनी मल्टिमीडिया कार्ड काढले होते. त्याला सात पट्ट्या होत्या आणि डेटासाठी एकच तार. पुढे याच घराण्याच्या चौथ्या आवृत्तीत चार आणि आठ तारांची सोय झाली आणि तेरा पट्ट्यांची कार्डे निघाली. आज अनेक मोबाइलच्या मुख्य बोर्डावर कायमची सोल्डर केलेली ईएमएमसी चिप असते, ती याच घराण्यातली आणि आठ तारांची. म्हणजे एकाच ड्रायव्हरला एक तारेचे जुने कार्ड, चार तारांचे एसडी आणि आठ तारांची चिप, या सगळ्यांशी बोलावे लागते.

तारांच्या संख्येने किती फरक पडतो ते हिशेबाने पाहावे. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एका तारेवरून एक बिट जातो. ५१२ बाइटचा एक ब्लॉक म्हणजे ४०९६ बिट. एका तारेवरून तो पाठवायचा तर सुरुवातीचा एक बिट, मग हे ४०९६, त्यामागून तपासणीचे म्हणजे सीआरसीचे १६ आणि शेवटचा एक, असे ४११४ ठोके लागतात. चार तारा असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला १०२४ बिट येतात, पण सुरुवात, शेवट आणि सीआरसी प्रत्येक तारेला स्वतःचे लागतात. म्हणून १०४२ ठोके होतात. बरोबर चौपट नाही, पण चौपटीच्या अगदी जवळ. एसडीच्या 'हाय स्पीड' पद्धतीत क्लॉक ५० मेगाहर्ट्झ असतो. त्या वेगाला एका तारेवरून सेकंदाला जास्तीत जास्त ६.२५ मेगाबाइट जातात, चार तारांवरून २५. बत्तीस गिगाबाइटचे कार्ड पूर्ण वाचायचे तर, कार्ड स्वतः कुठेच अडले नाही असे धरूनही, एका तारेला सुमारे एक तास पंचवीस मिनिटे लागतील आणि चार तारांना एकवीस मिनिटे. या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे : ड्रायव्हरने रुंदी चुकून कमी ओळखली, तर काहीही मोडत नाही, फक्त सगळे हळू चालते. जास्त ओळखली, तर वाचलेला एकही ब्लॉक भरवशाचा राहत नाही. दोन चुका सारख्या किमतीच्या नाहीत, आणि पुढचा सगळा विचार या असमानतेवर उभा आहे.

मानकांनी ही असमानता ओळखली आहे. कार्डाला वीज मिळाली की ते कोणत्याही घराण्याचे असो, एकाच डेटा तारेवर सुरू होते आणि ओळखपाळख पूर्ण होईपर्यंत क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या आत ठेवावा लागतो. या टप्प्यात बहुतेक बोलणे कमांडच्या तारेवरच होते. एसडी कार्ड असेल तर ड्रायव्हर त्याचे 'एससीआर' नावाचे ६४ बिटचे रजिस्टर मागवतो. त्यातले चार बिट रुंदीसाठी राखून ठेवलेले आहेत : पहिला एका तारेसाठी, तिसरा चार तारांसाठी. एसडी मेमरी कार्डाने या दोन्ही रुंदी पाळल्याच पाहिजेत, असा मानकाचाच नियम आहे. मग ड्रायव्हर रुंदी बदलण्याची कमांड देतो, कार्ड 'ठीक आहे' म्हणते, कंट्रोलरही आपली बाजू चारवर नेतो आणि चार तारांवर वाहतूक सुरू होते. मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात याच्या उलट टोकाचा वापर होतो. बंद पडलेल्या फोनमधली माहिती काढायची असते तेव्हा कारागीर ईएमएमसीच्या क्लॉक, कमांड, वीज, ग्राउंड आणि एकाच डेटा बिंदूला बारीक तारा सोल्डर करतो. या पद्धतीला ते 'आयएसपी' म्हणतात. आठ तारांची चिप एका तारेवर मुकाट्याने बोलते आणि फोटो परत मिळतात. अरुंद वाट कायम जिवंत ठेवली आहे म्हणूनच हे जमते.

एसडी कार्डाने चार तारांची ग्वाही दिली, म्हणजे काम झाले का? इथे तिघांचा संबंध येतो. कार्ड फक्त स्वतःबद्दल सांगते. कंट्रोलर त्याच्या आतल्या क्षमतेबद्दल सांगतो. पण कंट्रोलरच्या चिपमधून निघालेल्या आठ तारांपैकी किती तारा बोर्ड बनवणाऱ्याने खाचेपर्यंत आणल्या, हे कंट्रोलरला कळण्याचा काही मार्ग नाही. चिप आठ तारांची असते आणि बोर्डावर जागा वाचवण्यासाठी चारच ओढलेल्या असतात, हे रोजचे आहे. म्हणून लिनक्ससारख्या व्यवस्थेत बोर्डाचे वर्णन 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये लिहून द्यावे लागते आणि त्यात 'बस-विड्थ' या नावाने तारांची संख्या सांगावी लागते. ती ओळ लिहिलीच नाही, तर संख्या एक धरली जाते. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. माहिती नसेल तेव्हा व्यवस्था अरुंद वाट धरते, म्हणजे स्वस्तातली चूक पत्करते. तेव्हा कार्डाची, कंट्रोलरची आणि बोर्डाची, अशा तीन रुंदींपैकी जी सगळ्यांत लहान, ती वाटेची रुंदी. इथवर हा साध्या किमान काढण्याचा हिशेब आहे. खरा प्रश्न पुढे येतो : या तिघांनीही खरे सांगितले आणि तरीही एक तार तुटलेली असली, तर?

जळगावच्या सराफ बाजाराची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क असतो. २०२१पासून त्यासोबत अंक-अक्षरांची सहा खुणांची ओळखही कोरलेली असते. हा शिक्का खोटा नाही. पण जुना दागिना मोडीत घेताना सराफ शिक्का पाहून थांबत नाही. तो दागिना कसोटीवर घासतो, रेघेवर आम्ल टाकतो आणि रंग पाहतो; आणि घासताना कड्या जिथे जोडल्या आहेत ती जागा आवर्जून पाहतो. शिक्का एका कडीवर असतो, जोडकामात काय मिसळले आहे ते शिक्का सांगत नाही. सराफाच्या या वागण्यात शिक्क्याचा अपमान नाही. शिक्का एका गोष्टीचा पुरावा आहे आणि कस दुसऱ्या गोष्टीचा, एवढे त्याला माहीत असते. एसडी कार्डाचे एससीआर हा शिक्का आहे. तो कार्डाबद्दल खरा आहे. मात्र खाचेतला वाकलेला स्प्रिंग, पट्टीवर बसलेली कापसाच्या धुळीची पुटे, बोर्डावरचा न धरलेला सोल्डर, यांच्याबद्दल तो शिक्का काही सांगू शकत नाही.

कस लावण्याची सर्वांत सुंदर रीत मल्टिमीडिया कार्डाच्या घराण्यात आहे. कारणही रंजक आहे. एसडीसारखे रुंदी सांगणारे रजिस्टर त्या घराण्यात नाहीच. त्याच्या ५१२ बाइटच्या 'एक्स्ट सीएसडी' रजिस्टरात १८३ क्रमांकाचा बाइट रुंदी ठरवण्यासाठी आहे, पण तो लिहिण्यापुरता. कार्डाला कोणत्या रुंदी जमतात हे त्यातून वाचता येत नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हे स्पष्ट लिहून ठेवले आहे की, एसडीप्रमाणे इथे रुंदी कळवणारे रजिस्टर नसल्याने ती चाचणीने ओळखावी लागते. ज्यांच्या कामातून हा भाग उभा राहिला त्या रसेल किंग, इयान मोल्टन, पियर ऑसमन यांची नावे त्या विभागाच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर आहेत. मल्टिमीडिया कार्डाच्या चौथ्या आवृत्तीचा आधार २००६ साली फिलिप लँगडेल यांनी दिल्याची नोंदही तिथेच आहे. शिक्काच नाही म्हटल्यावर कस लावण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि त्यातून जी पद्धत निघाली ती शिक्का असलेल्यांनीही शिकावी अशी आहे.

ती चाचणी जवळून पाहू. चार तारा तपासायच्या आहेत. ड्रायव्हर १९ क्रमांकाची कमांड देतो आणि चार तारांवर दोन ठोके पाठवतो. तिसऱ्या क्रमांकाच्या तारेपासून शून्याव्या तारेपर्यंत वाचत गेलो, तर पहिल्या ठोक्याला ०१०१ आणि दुसऱ्याला १०१०. म्हणजे शून्याव्या तारेवरून आधी १ मग ०, पहिलीवरून आधी ० मग १, दुसरीवरून पुन्हा १ मग ०, तिसरीवरून ० मग १. नंतर ड्रायव्हर १४ क्रमांकाची कमांड देऊन उत्तर मागतो आणि कार्ड आलेले प्रत्येक चिन्ह उलटून परत पाठवते : १चे ०, ०चे १. ड्रायव्हर पाठवलेले आणि आलेले यांची तुलना करतो. प्रत्येक जागी ते एकमेकांच्या विरुद्ध असले, तर चारही तारा शाबूत आहेत. यातली प्रत्येक बारीक गोष्ट विचाराने ठेवलेली आहे. कार्डाने तेच चिन्ह जसेच्या तसे परत पाठवले असते, तर कंट्रोलरच्या स्मृतीत उरलेली आपलीच माहिती उत्तर म्हणून वाचली जाण्याचा धोका होता. उलटून पाठवले म्हणजे पलीकडे कोणीतरी ते खरोखर घेतले आणि समजून उत्तर दिले. एखादी तार तुटलेली असेल, तर ती वर ओढलेल्या स्थितीत राहते आणि तिच्यावर दोन्ही ठोक्यांना १च दिसतो. अपेक्षित उत्तरात मात्र एक ० हवा असतो. तार ग्राउंडला चिकटली असेल, तर दोन्हीकडे ० दिसतो आणि तेही पकडले जाते. शेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तरी सुटका नाही, कारण शेजारणींवर कायम उलट चिन्हे ठेवली आहेत. दोन ठोक्यांत एवढी परीक्षा होते.

कसोटीच्या दगडालाही मर्यादा असते आणि ती मान्य करूनच तिचा उपयोग करावा. शून्याव्या आणि दुसऱ्या तारेवर चिन्हे सारखीच असल्याने त्या दोघी एकमेकींना चिकटल्या तर ही चाचणी ते ओळखणार नाही. शेजारी नसलेल्या तारा चिकटणे विरळा असते, पण अशक्य नाही. दुसरी मर्यादा कंट्रोलरची. इतका तोकडा, सीआरसीचा आग्रह न धरणारा व्यवहार काही कंट्रोलरना नीट जमत नाही. म्हणून लिनक्समध्ये ही चाचणी सरसकट होत नाही. ती आपल्याला जमते असे ज्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरने जाहीर केले असेल तिथेच ती चालते. बाकीच्यांसाठी दुसरा कस आहे : एका तारेवर आधी वाचून ठेवलेले एक्स्ट सीएसडी नव्या रुंदीवर पुन्हा वाचायचे आणि न बदलणारे रकाने जुळतात का ते पाहायचे. क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. कंट्रोलरला आठ जमत असतील तर आधी आठ लावून पाहिल्या जातात, नापास झाल्या तर चार, त्याही नापास झाल्या तर एकच तार राहते. प्रत्येक पायरी तपासली जाते आणि खाली उतरायला जागा नेहमी मोकळी असते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वजनदार आहे : प्रत्येक तारेवर सीआरसी असतोच, चूक झाली तर तो पकडेल, मग वेगळी परीक्षा कशासाठी? सीआरसी चूक पकडतो हे खरे. मात्र तो चूक झाल्यावर पकडतो आणि बहुतेक कंट्रोलर सगळ्या तारांचा मिळून एकच निकाल देतात : डेटात सीआरसी चुकला. कोणत्या तारेवर चुकला, तार तुटली म्हणून चुकला की क्लॉक वेगवान होता म्हणून, की कार्डच मरायला टेकले आहे, हे त्या एका खुणेतून कळत नाही. मग ड्रायव्हर तोच ब्लॉक पुन्हा मागतो, क्लॉक कमी करतो, कार्ड पुन्हा सुरू करून पाहतो आणि अखेर 'कार्ड वाचता येत नाही' असे सांगून हात टेकतो. वापरणाऱ्याच्या हातातले कार्ड चांगले असते, एका तारेवर ते सुखाने वाचले गेले असते. पण रुंदीवर संशय घेण्याची वेळच येत नाही, कारण तिचा निर्णय शिक्क्यावर आधीच लागलेला असतो. एसडी कार्डांबाबत लिनक्सची साधी वाट आजही अशीच आहे : कार्ड चार म्हणते, कंट्रोलर चार म्हणतो, चार लावा. सीआरसी हा पहारेकरी आहे. पहारेकऱ्याच्या भरवशावर पुलाची पाहणी टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप बोर्ड बनवणाऱ्यांचा : तारा आम्ही ओढल्या, किती ओढल्या हे आम्हाला माहीत आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून दिले, आता परीक्षा म्हणजे अविश्वास. कायमच्या सोल्डर केलेल्या चिपबाबत हा आक्षेप बराच खरा आहे. तिथे खाच नाही, धूळ नाही, कार्ड बदलत नाही. तरी डिव्हाइस ट्री माणसानेच लिहिलेली असते, आणि नव्या बोर्डाची फाइल बहुतेक वेळा जुन्या बोर्डाची नक्कल करून सुरू होते. चारच्या जागी आठ राहून गेले, तर ते कागदावरचे विधान तारांना वाढवत नाही. डिव्हाइस ट्री नको असे मला म्हणायचे नाही. ती नसेल तर बोर्डाबद्दल बोलणारे दुसरे कोणीच उरत नाही. तिच्या विधानाने वरची मर्यादा ठरावी, एवढेच म्हणणे आहे : आठ लिहिले असेल तर आठच्या वर जाऊ नये. आठ चालतात की नाही याचे उत्तर मात्र तारांनी द्यावे.

तिसरा आक्षेप वेळेचा. कार्ड बसवल्या बसवल्या चालू व्हावे अशी लोकांची अपेक्षा असते, त्यात आणखी परीक्षा कशाला? याचे उत्तर मोजून देता येते. चार तारांवर एक ब्लॉक पुन्हा वाचायला १०४२ ठोके लागतात. २५ मेगाहर्ट्झला ते सेकंदाच्या सुमारे चोवीस हजाराव्या भागात संपतात. कार्डाला उत्तर जुळवायला लागणारा वेळ यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तोही आपल्याला जाणवत नाही. एसडीसाठी तर वेगळी कमांड शोधण्याचीही गरज नाही. 'एसडी स्टेटस' नावाची ६४ बाइटची नोंद डेटाच्या तारांवरूनच येते आणि तिचे पहिले दोन बिट सध्याची रुंदी सांगतात. रुंदी चारवर नेल्यावर लगेच ही नोंद मागवावी. ती चारही तारांवरून, प्रत्येकीच्या सीआरसीसह, धड आली आणि तिच्यात चारचाच उल्लेख असला, तर शिक्का आणि कस एकाच वेळी मिळाले. न आली तर एका तारेवर परत येऊन काम सुरू ठेवावे आणि तशी नोंद करावी. एवढ्या स्वस्त परीक्षेला नकार देण्यासारखे कारण मला सापडत नाही.

उरतो तो उलट दिशेचा आक्षेप : इतकी काळजी असेल तर कायम एकाच तारेवर राहावे, कटकट नको. ते मात्र सोन्याला पितळेच्या भावाने विकण्यासारखे होईल. वर पाहिलेला एक तास पंचवीस मिनिटांचा हिशेब रोजच्या वापरात परवडणारा नाही, आणि वेगवान पद्धती तर अरुंद वाटेवर उपलब्धच नसतात. एसडीची यूएचएस-१ पद्धत चार तारांशिवाय चालत नाही. तिच्या वरच्या टप्प्यात २०८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर सेकंदाला १०४ मेगाबाइट जातात. ईएमएमसीची एचएस-४०० पद्धत आठ तारांवर ४००पर्यंत पोहोचते. आणि नेमके इथेच मानके कसाकडे परतली आहेत, हे माझ्या म्हणण्याचे सर्वांत मोठे प्रमाण आहे. यूएचएसच्या या वरच्या टप्प्यांत कार्ड ६४ बाइटचा एक ठरलेला नमुना पाठवते आणि तो बिनचूक वाचला जाईल असा क्षण कंट्रोलर शोधून काढतो. आठ तारांच्या ईएमएमसीत हाच नमुना १२८ बाइटचा असतो. याला 'ट्यूनिंग' म्हणतात. वेग वाढला तसे मानक ठरवणाऱ्यांनाही कळून चुकले की, घोषणेवर भागत नाही, ओळखीचा नमुना त्याच वाटेवरून, त्याच वेगाने पाठवून पाहावा लागतो. वेगासाठी जे अनिवार्य झाले ते रुंदीसाठी ऐच्छिक राहावे, यामागे सवयीपलीकडे काही तर्क दिसत नाही. इथे वाचकाने एक सावधगिरी मात्र बाळगावी : १९ क्रमांकाची कमांड मल्टिमीडिया कार्डात तारांच्या परीक्षेची आहे आणि एसडी कार्डात ट्यूनिंगची. ८ क्रमांकाचेही तसेच. एकीकडे ती एक्स्ट सीएसडी मागते, दुसरीकडे विजेच्या दाबाची विचारपूस करते. म्हणून रुंदी विचारण्याआधी घराणे पक्के करावे लागते.

हे सगळे मराठीत का, यालाही उत्तर द्यायला हवे. जळगाव, बांभोरी, फैजपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुली-मुलांच्या हाती आज जे छोटे सिंगल-बोर्ड संगणक येतात, ते बहुतेक मायक्रोएसडी कार्डावरूनच सुरू होतात. कार्ड सुरू झाले नाही की मूल दुसरे कार्ड विकत आणते, कारण मधल्या वाटेबद्दल त्याला कोणी सांगितलेले नसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट मोकळी केली; पण भाषेची वाट मोकळी झाली म्हणून तिच्यावरून आपोआप काही वाहू लागत नाही. तिच्यावरून बारीकसारीक, कामाचे, हाताने करून पाहण्यासारखे ज्ञान पाठवावे लागते. संज्ञा इंग्रजीच्या राहिल्या तरी चालेल. रजिस्टर, बिट, क्लॉक हे शब्द आपल्या दुकानांत आणि वर्गांत कधीच मराठी झाले आहेत. तर्क मात्र ज्या भाषेत आपण भाव करतो, हिशेब मांडतो आणि शंका घेतो, तिच्यातच मांडलेला बरा.

पुस्तक वाचताना एक गोष्ट हाताशी ठेवावी. लिनक्स चालणाऱ्या कोणत्याही बोर्डावर, डीबग-एफएस जोडलेली असेल तर, 'एमएमसी-०'च्या कप्प्यात 'आयओएस' नावाची एक फाइल असते. ती उघडली की क्लॉकचा वेग दिसतो, विजेचा दाब दिसतो आणि वाट चार तारांची असेल तर बसच्या रुंदीपुढे '२' असा आकडा दिसतो. कंसात लिहिलेले असते चार बिट. कारण तिथे तारांची संख्या नसून दोनाचा घात नोंदवलेला असतो : एक तार म्हणजे ०, चार म्हणजे २, आठ म्हणजे ३. नवखा माणूस तो आकडा पाहून दोन तारा समजतो. तो आकडा बरोबर वाचावा, आणि वाचल्यावर स्वतःला विचारावे की ही रुंदी कोणी सांगितली : कार्डाने, कंट्रोलरने, बोर्डाच्या फाइलने, की तारांवरून जाऊन परत आलेल्या चिन्हांनी. पुढची प्रकरणे या चार उत्तरांतला फरक एकेक करून उलगडतात. बोदवडला उद्या दुसऱ्या बाजूने लाइन येईल तेव्हाही मंजुरीचे कागद, नकाशे आणि मोजमापे सगळी जागेवर असतील. तरी नव्या जोडावरून पहिली प्रवासी गाडी सोडण्याआधी रेल्वे तिथून तपासणीची गाडी चालवून पाहील. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

बोदवड, जि. जळगाव